काळ्या मिशांचा गहू

एरंडेलाचा वास हातावरून जात नाही. साबणाने जात नाही, डाळीच्या पिठाने जात नाही. लिंबाला थोडा घाबरतो आणि आपण जेवायला बसलो की परत येतो. चैत्र सरत आला की आमच्याकडे गव्हाला एरंडेल चोळायचे दिवस येतात. अंगणात जुनी चादर, तिच्यावर गव्हाचा ढीग, ढिगाशी मांडी घालून आम्ही. तळहातावर तेल घ्यायचं आणि ओंजळीतले गहू हातावर हात फिरवत असे चोळायचे की प्रत्येक दाण्याला तेल पोचावं, पण एकही दाणा तेलकट दिसू नये. सुनंदाला हे जमतं. तिने चोळलेले गहू नुसते उजळतात. माझे गहू कुठे कोरडे, कुठे चिकट.

यंदाही तोच वास हाताला आहे आणि त्याच हाताने हे लिहितोय. कागदावर बोटाचा एक डाग पडलाय. पडू दे.

सुनंदा म्हणजे माझी बायको. इंदूरहून खंडवा रोडने निघालं की सिमरोलच्या थोडं अलीकडे आत एक कच्चा रस्ता जातो. त्या रस्त्याच्या शेवटी आमची बिघाभर जमीन, दोन खोल्या, एक गाय. काही वर्षांपूर्वी विमा कचेरीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी सुनंदाला इथे घेऊन आलो. ह्या अंकाच्या जुन्या वाचकांना ही बातमी नवी नाही. मीच ती दर दिवाळीला सांगत आलोय. चुलीवरच्या भाकरीवर लिहिलं, सारवलेल्या अंगणावर लिहिलं, पहाटे ताक घुसळण्याच्या आवाजावर लिहिलं. गेल्या दिवाळीला वर्षाचे गहू भरण्यावर लिहिलं. तो लेख बऱ्याच जणांना आवडला. दोन कुटुंबं तर तो वाचून गाडी काढून आमच्याकडे आली, ओट्यावर बसून पोळ्या खाऊन गेली. जाताना त्यांतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

त्या लेखात मी गहू भरायची रीत लिहिली होती, ती बरोबर होती. बाकी काही खरं नव्हतं.

रीत अशी. कापणीचा गहू पाखडायचा, निवडायचा, कडक उन्हात पसरायचा. संध्याकाळी गोळा करून तसाच उघड्यावर ठेवायचा. रात्रभर तो निवला पाहिजे. सकाळी गार लागला की तेल चोळायचं, मग पत्र्याच्या उंच कोठीत कडुलिंबाच्या पाल्याचा एक थर, गव्हाचा एक थर, असं भरत जायचं. शेवटी झाकण लावून त्याची फट शेणमातीनं लिंपायची. त्यानंतर वर्षभर वरून उघडायचं नाही. खाली एक तोंड असतं, लागतील तेवढे गहू तिथून काढायचे.

किती भरायचे, ह्याचंही माप ठरलेलं. माणशी सहा डबे. डबा म्हणजे तेलाचा पंधरा किलोचा. इंदूरच्या रामबागेत आमच्या लहानपणी ह्या दिवसांत बायका एकमेकींना हाच प्रश्न विचारायच्या, "किती भरले?" उत्तरावरून घराची सगळी हकीकत कळायची. कोणाकडे सून येणार, कोणाचा मुलगा बदलीच्या गावी जाणार, कोणाचे सासरे आता फार दिवसांचे नाहीत. वर्षाचे गहू भरणं म्हणजे ह्या घरात वर्षभर कोण कोण आहे, ते आधीच कबूल करणं. दादा नोकरीला भिलाईला गेला तेव्हा आई स्टेशनवर रडली नाही. वैशाखात सहा डबे कमी भरले, तेव्हा कोठीला टेकून रडली.

आमच्या त्या कोठीशी माझा वेगळाच संबंध. भावंडांत मी सगळ्यात काटकुळा. नवे गहू भरायच्या आधी कोठी आतून पुसायला मलाच आत उतरवायचे. आई काखेत धरून सोडायची. पाय तळाशी टेकले की वर फक्त एक गोल उजेड उरायचा. आपलाच श्वास चारी बाजूंनी आपल्यावर यायचा. जुन्या पाल्याचा कडवट वास, पत्र्याचा गारवा. आई बाहेरून बोटाने टकटक करून विचारायची, "आहेस ना रे?" मी म्हणायचो, "आहे." तो "आहे" कोठीभर फिरून परत माझ्याच कानात यायचा.

एकदा दादाने गंमत म्हणून वरून झाकण लावलं, आणि तेवढ्यात बाहेरून त्याला मित्रांनी हाक मारली. तो क्रिकेट खेळायला निघून गेला. विसरला. आई मागे धुणं धूत होती. मी आत. अंधार इतका की डोळे उघडे की मिटलेले ते हाताने चाचपून बघावं लागत होतं. मी ओरडलो नाही. आईला शोधाशोध करून मी सापडलो तेव्हा सगळा घामाने भिजलेलो होतो. तिने आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरलं.

"अरे, तोंड नव्हतं का तुला? हाक मारायची ना!"

"वाटलं, कोणीतरी उघडेलच."

ही गोष्ट आमच्याकडे पुढे किती वर्षं हसत हसत सांगितली गेली. मीही हसायचो. माझा स्वभाव त्या गोष्टीत पुरता आलाय, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

इथे यायचं खूळ माझं. कचेरीत पंख्याखाली बसून मी वर्षानुवर्षं ते जोपासलं. आपली जमीन, आपलं धान्य, दारात गाय. सुनंदाचा रामबागेत शिवणाचा क्लास होता. पुढच्या खोलीत चार यंत्रं. दुपारी मुली यायच्या, यंत्रांची घरघर आणि मुलींची बडबड ह्यांनी घर भरून जायचं. मी तिला म्हणालो, "आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवत बसणार आहेस का? चल, मोकळं जगू." ती काही बोलली नाही. यंत्रं विकली गेली त्या दिवशी चारही यंत्रांना तेल घालून, पुसून, तिने ती लोकांच्या हवाली केली. शेवटचं यंत्र टेम्पोत चढत असताना म्हणाली, "ह्याचा पट्टा सैल आहे, सांगा त्यांना."

मग ती इथे आली. आणि आली म्हणजे खरंच आली. पहिल्या पावसाळ्यातच तिने शेजारच्या रामकन्याबाईंकडून सारवणं शिकून घेतलं, दुसऱ्या वर्षी गाय तिच्या हाताशिवाय पान्हा सोडेना. गोवऱ्या, लोणी, बियाण्याला राख, सगळं. रामकन्याबाई म्हणजे पलीकडच्या शेतातल्या, साठीच्या, तोंडाने फटकळ. त्यांनीच सुनंदाला ओटीत एक जुनं बियाणं दिलं. त्यांच्या सासऱ्याच्या वेळेपासून घरात चालत आलेला गहू. दाणा लांबट, पिवळसर, चपातीला मध्यम, पण बाफल्याला, म्हणजे आमच्याकडच्या उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना, असा की विचारू नका. आणि त्याच्या ओंबीची कुसळं काळीभोर. रामकन्याबाई त्याला म्हणायच्या, "म्हारा ससुराजी को गेहूँ." सुनंदाने ते मराठीत आणलं. ती म्हणायची "सासरेबुवा". माघात शेत ओंब्यांवर आलं की ती बांधावर उभी राहून सांगायची, "बघा, सासरेबुवांनी मिशा काढल्या." वाऱ्यावर त्या काळ्या मिशा हलायच्या. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, ह्याच्यावर एक लेख होईल.

कारण मी ते शेत लेखातच बघत होतो. मी तिला इथे आणलं, ती आली. मी काही आलोच नाही.

काय होतं मला इथे, ते कोणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो. दुपारी तीनला ह्या अंगणात जी शांतता पडते, ती मला छातीवर बसल्यासारखी वाटते. गाय ठेवली की लोक म्हणतात, गाय बांधली. खोटं आहे. दाव्याचं दुसरं टोक आपल्या पायाला असतं. सकाळ-संध्याकाळ दूध, कोणाच्या लग्नाला गेलात तर जेवून लगेच परत, मुक्काम नाही. संध्याकाळी लांब सिमरोलकडच्या मोठ्या शिक्षणसंस्थेचे दिवे लागतात, तेव्हा मी ओट्याच्या त्या टोकाला जाऊन बसतो. सुनंदाला वाटतं वारा खायला. मी घाट उतरणाऱ्या ट्रकांचे हॉर्न ऐकत असतो. कोणीतरी कुठेतरी चाललंय, एवढं ऐकलं तरी बरं वाटतं. आणि हे सांगायचं कोणाला? जिची चार यंत्रं मी विकायला लावली, तिला? तिला सांगू, की चुकलं, चल परत?

गेल्या वैशाखात केतकी पुण्याला टायफॉइडने आजारी पडली. केतकी आमची एकुलती एक मुलगी, संगणकाच्या कंपनीत आहे. सुनंदा तिच्याकडे गेली. जाताना दारातून तीन-तीनदा बजावून गेली, "गहू दोन उन्हं दाखवा. निवल्याशिवाय भरू नका. बियाण्याचे वेगळे काढा, मडक्यात, राख घालून."

"हो गं. शिकवतेस काय मला? लिहिलंय मी ह्याच्यावर."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली.

ती गेली आणि मला कसंसंच मोकळं वाटलं. दुसऱ्या दिवशी गहू पसरले. ऊन असं की पत्रा तडतडत होता. दुपारी चारला मी तसेच तापलेले गहू भराभर डब्यांनी कोठीत ओतले. तेल चोळलं ते नावाला. बियाण्याचं मडकं शोधत कोण बसणार, ते दाणेही त्याच्यातच लोटले. झाकण लावलं, फट लिंपली, गाईला रामकन्याबाईंच्या हवाली केलं आणि खंडवा रोडला येऊन इंदूरची बस पकडली.

कशासाठी? हे लिहिताना हात थांबतो. काही काम नव्हतं, कोणाकडे जायचं नव्हतं. मला गर्दीत बसायचं होतं. मॉलमधल्या गार हवेत एका बाकावर मी बसून राहिलो आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघत राहिलो. मग पोहे-जलेबी खाल्ली. कोपऱ्यावर दोन स्कूटरवाले भांडत होते, "दिखता नी क्या भिया?" "अबे तू देख के चल!" ते भांडण मी शेवटपर्यंत उभा राहून ऐकलं. कानाला इतकं गोड काही कित्येक महिन्यांत लागलं नव्हतं. सुनंदा पुण्याला होती तोवर मी रोज सकाळी घराला कुलूप लावलं आणि रोज गेलो.

संध्याकाळी फोनवर सांगितलं, "भरले गहू. घाम निघाला."

"निवले होते ना?"

"गारगार."

श्रावणात ती राखीला भावाकडे गेली होती. कोठीचं खालचं तोंड जरा घट्ट असल्यामुळे गहू काढायचं काम माझ्याकडे. तोंड उघडलं. गहू आले ते कोमट. पावसाळी सकाळ, ओलसर गारवा, आणि माझ्या हातातले गहू तापाच्या पोरासारखे कोमट. मग त्यांच्यातून सोंडे चालत बाहेर आले. वरच्या झाकणाचं लिंपण फोडून बघितलं तर आत सगळी जाळी, पीठ, आणि एक कुबट वाफ तोंडावर आली. गरम भरलेल्या गव्हाने आत घाम धरला होता.

सगळा गहू मी डब्याडब्याने उकिरड्यावर नेऊन गाडला. कोठी पुसायला आता मला कोण उतरवणार? कमरेपर्यंत आत वाकलो. डोकं खाली, पाय बाहेर. तोच पत्र्याचा गारवा, तोच आपला श्वास आपल्यावर. मला वाटलं बाहेरून कोणीतरी टकटक करेल.

नवे गहू घ्यायला राऊ गावच्या धान्यवाल्याकडे मी मुद्दाम गेलो, सिमरोलात ओळखीचे फार. तो पोती गाडीवर टाकताना म्हणाला, "क्या भिया, सिमरोल में खेती और गेहूँ राऊ से? पार्टी-वार्टी है क्या?"

"हाँ, मेहमान हैं," मी म्हणालो.

त्या मेहमानाचा गहू आम्ही वर्षभर खाल्ला. दिवाळीच्या अंकात मी त्यावर लिहिलं: आपल्या कष्टाच्या दाण्याची चव, रात्रभर चांदण्यात निवलेले गहू. वाचून आलेल्या त्या बाईंनी ज्या पोळीवर डोळे पुसले, ती राऊच्या गव्हाची. कार्तिकात पेरायला बियाणं म्हणून मी कोठीतलेच काढून दिले. सुनंदाने दाणा तळहातावर घेऊन बघितला, जरा जास्त वेळ बघितला, आणि पेरणीला लागली.

जमीन खोटं बोलत नाही हे वाक्य मी माझ्या कुठल्यातरी लेखात लिहिलेलं आहे. ते असं उलटून येईल हे ठाऊक नव्हतं. माघात शेत ओंब्यांवर आलं आणि सगळीच्या सगळी कुसळं पांढरी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फिक्कट, पांढरी. सुनंदा बांधावर उभी होती, मी तिच्या मागे.

"सासरेबुवांच्या मिशा पिकल्या यंदा," ती म्हणाली.

"हवा बदललीय," मी म्हणालो.

"हो. हवाच बदललीय."

रामकन्याबाई पलीकडून ओरडल्या, "भाभीजी, अबके तो धोली आई! कँई करी दियो बाबूजी ने?" धोली म्हणजे पांढरी. आणि त्या खो-खो हसल्या. मीही हसलो. दरवर्षी नव्या गव्हाची पहिली मूठ सुनंदा इंदूरला खजरान्याच्या गणपतीला नेते. यंदा गेली नाही. "ऊन फार आहे," म्हणाली. मी तेही खरं धरून चाललो. जो लपवतो त्याला दुसऱ्याचं सगळं खरं वाटतं, सोयीचं असतं म्हणून.

आणि मग गेल्या शनिवारी केतकी आली. पुण्याहून रात्रभर बसने येऊन, तोंड धुवून, सरळ अंगणात आमच्यासोबत गहू चोळायला बसली. तेल लावलेले हात नाकाशी नेऊन म्हणाली, "हाच वास बाबा! तुमचा लेख मी ऑफिसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. मतलब, नॉन-मराठी लोकांना भाषांतर करून."

मी गहू चोळत राहिलो.

"आई, यंदा अठरा डबे भर."

"का गं?"

"मी सोमवारी राजीनामा देतेय. झालं खूप स्क्रीनकडे बघून. तुम्ही दोघांनी जमवलंत ना ह्या वयात? मग मला काय झालंय? बाबा म्हणतात ना, माणसाला लागतं किती, माणशी सहा डबे."

हे वाक्य माझंच. लेखाच्या शेवटी टाकलेलं. तेव्हा मला ते फार जमलं असं वाटलं होतं.

सुनंदाचे हात थांबले नाहीत, पण तिने माझ्याकडे बघितलं. केतकी मुठीने गहू उडवत होती. ती ह्या कोठीत उतरायला निघाली होती आणि झाकण माझ्या हातात होतं. मला दिसत होतं की नेहमीसारखा गप्प बसलो तर सोमवार येईल आणि जाईल. कोणीतरी उघडेलच, असं आता म्हणायची सोय नव्हती. बाहेर मीच होतो.

"हा तो गहू नाही," मी म्हणालो.

"कुठला तो?"

"लेखातला. सासरेबुवा. तो मी मारला." आणि मग एकदा तोंड उघडल्यावर खालून गहू यावेत तसं सगळं येत गेलं. वैशाख, तापलेले गहू, मॉलमधला बाक, स्कूटरवाल्यांचं भांडण, राऊचं दुकान. शेवटी जे कधीच कोणाला म्हणालो नव्हतो तेही. "मला इथे करमत नाही. पहिल्या वर्षापासून नाही. तुझ्या आईला मी इथे आणून ठेवलं आणि मी मात्र रोज ओट्यावरून ट्रक मोजतो."

गाय दावं ओढत होती, तेवढा आवाज.

सुनंदा उठली. चादरीच्या कडेला हात पुसून आत गेली आणि एक बरणी घेऊन आली. बरणीत ओंब्या होत्या, मूठभर. काळ्याभोर मिशांच्या.

"उकिरड्याच्या कडेला उगवले होते," ती म्हणाली. "शेतात सगळे पांढरे, आणि शेणाच्या खड्ड्यापाशी हे काळे. इथे कोणी पेरले, मी म्हटलं. मग थोडं उकरून बघितलं."

"माघात?"

"माघात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. रामकन्याबाई तर म्हणत होत्या, विचारून टाक. त्यांना तर पहिल्यापासून ठाऊक. 'बाबूजी को मन तो इंदौर में ज है,' म्हणतात." ती खाली बसली. "आणि एक सांगू? यंत्रं विकली तेव्हा मी बोलले नाही, ते पटलं म्हणून नव्हतं. रडू येईल म्हणून बोलले नाही. आता मला इथे आवडतं. ते माझं मी आवडून घेतलंय. त्याचं ओझं तुम्ही कशाला वाहता?"

हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मी इतकी वर्षं ज्या दाव्याला ओढ देत होतो, ते तिने बांधलेलंच नव्हतं. हे कळल्यावर दावं जास्तच काचलं.

केतकी रागावली होती. ती रागावली की तिचं नाक आधी लाल होतं. "बाबा, मी काय गव्हावर नोकरी सोडत होते का?" ती म्हणाली. "कुठलाही असता गहू. तुम्ही सुखात आहात, ह्यावर सोडत होते."

तिने तेल लागलेले हात केसांना पुसले, लहानपणी पुसायची तसे, आणि दुपारची झोप घ्यायला आत गेली. रविवारी संध्याकाळच्या बसने परत गेली. राजीनामा तिने दिलेला नाही. पुढे देईलही. "यायचं झालं तर माझ्या डोक्याने येईन," असं बसच्या पायरीवरून आईला म्हणाली. मला फक्त, "पोचल्यावर फोन करते," एवढंच. पण फोन केला. माझ्या फोनवर केला.

आज सकाळी सुनंदा कोठीपाशी स्टुलावर चढली. पाल्याचा थर पसरला. कालचे निवलेले गहू ओसरीत होते, ते मी डब्याने देत गेलो, ती ओतत गेली. पत्र्यावर गहू पडायचा तो पहिला मोठा आवाज, मग गव्हावर गहू पडायचा मऊ आवाज. पहिला, दुसरा, तिसरा. सहावा डबा ओतून तिने पदराने कपाळ पुसलं, आणि हात पुढे केलाच नाही.

"हे माझे झाले," ती म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. खरोखरच विचारत होती. रामबागेतल्या बायका विचारायच्या तसं, किती भरले.

मी सातवा डबा उचलला. अंगणातल्या ढिगातून भरून आणला, छातीशी धरून तिच्यासमोर उभा राहिलो. रामबागेतली भाड्याची एखादी खोली मला दिसत होती, खाली रहदारी, सकाळी पोहे. आणि ही बाई दिसत होती, स्टुलावर उभी, केसांत कडुलिंबाचं पान अडकलेलं. डबा पुढे करावा की खाली ठेवावा, मला खरंच ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही हे प्रथमच मी लपवलंही नाही. "सुनंदा, मला कळत नाहीये," असं म्हणालो.

तिने वाकून डब्यात हात घातला. मूठभर गहू घेतले, पुन्हा सोडले.

"अहो, हे आजच्या उन्हातले दिसताहेत. तापलेत अजून," ती म्हणाली. "ठेवा खाली. निवू द्यात. घाईने भरले की काय होतं ते बघितलंय ना?"

स्टुलावरून उतरून ती गाईकडे गेली. मी डबा अंगणात रिकामा करून गहू हाताने पसरले, पातळ, दाण्याला दाणा न लागेल असे. कोठी अर्धीच भरली आहे. झाकण भिंतीला टेकून ठेवलंय, आणि लिंपायची शेणमाती बादलीत सुकत चाललीय. चिमण्या येतात म्हणून मी चादरीच्या कडेला राखण करत बसलोय. मधूनमधून हात घालून बघतो. अजून कोमट आहेत.

गोठ्यातून तिने आत्ताच हाक मारली, "अहो, आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. अंगण उघडं आहे. आवाज फिरून परत आला नाही.